शुक्रवारची आखूड यादी

माझ्या धाकट्या जावेला नोकरीला मीच लावलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

लातूरला औसा रोडला एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस आहे, बारा-तेरा माणसांचं. क्लासवाल्यांसाठी आम्ही सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर करतो. पोरं कॉम्प्युटरवर पेपर सोडवतात, लगेच मार्क निघतात. लातुरात आणि नांदेडात क्लासला काय तोटा, त्यामुळं आम्हालाही कामाला तोटा नाही.

माझं काम तपासणीचं. प्रोग्रॅमर पोरं रोज काहीतरी बदलतात, आणि एक बदललं की दुसरीकडं काहीतरी मोडतं. म्हणून सहाशे बारा टेस्ट तयार करून ठेवल्यात. काय तपासायचं ते मी सांगितलं, लिहिल्या पोरांनी. एकेक टेस्ट म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, तो परीक्षेला बसलेल्या पोरासारखा वागून बघतो. लॉगिन होतं का, उत्तर टिकतं का, वेळ संपल्यावर पेपर बंद होतो का. पहाटे पाचला या टेस्ट आपोआप सुरू होतात, चौदा गटांत चालतात, आणि आम्ही ऑफिसात पोचेपर्यंत एक लांबलचक यादी तयार असते. पास झालेली ओळ हिरवी, नापास झालेली लाल. ही यादी वाचायचं काम सहा वर्षं माझं होतं.

त्याआधी मी रेणापूरला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे, म्हणून ऑफिसात सगळे मला बाई म्हणतात. मालकाला सर. सकाळी साडेनऊला मी यादी उघडायची, माउसचं चाक ओढत ओढत वरून खालपर्यंत जायची, लाल ओळ आली की थांबायची, कारण वाचायची, रजिस्टरमध्ये लिहायची. दोन तास जायचे. चाक एकवीसदा ओढलं की यादी संपायची. ते काही मी ठरवून मोजलं नव्हतं, बोटालाच माहीत झालं होतं. अकरा-साडेअकराला सर टेबलाशी यायचे आणि विचारायचे, "बाई, सोडायचं का?" म्हणजे नवीन सॉफ्टवेअर क्लासवाल्यांना द्यायचं का. मी हाव म्हणलं तर सुटायचं, न्हाई म्हणलं तर बारा जणांचं काम अडून राहायचं.

खरं सांगू का, पगारापेक्षा मला त्या प्रश्नाची चटक लागली होती. घरात कुणी मला विचारून मीठसुद्धा आणत नाही.

धाकटीचं माहेर लोह्याला. नांदेडला इंजिनिअरिंग केलेली, लग्नानंतर वर्षभर घरात बसून होती. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या ऑफिसात बघ की काही. मी सरांकडं शब्द टाकला. मनात हेही होतं की रजिस्टर लिहायला एक हाताखालचं माणूस मिळंल, आणि स्कूटीवर मागं बसायला सोबत होईल. सहा महिने कच्ची नोकरी, मग काम बघून पक्की, असं ठरलं. पहिला महिना बरा गेला. ती मला घरी अक्का म्हणायची, ऑफिसातही अक्काच म्हणायची, आणि मी सांगीन ते लिहून घ्यायची.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ती म्हणाली, "अक्का, ही यादी बनते कशावरून, माहीत हाय का?"

मला काय माहीत. सहा वर्षं वाचत होते, कुठून येते हे विचारायची कधी गरज पडली नव्हती. ती म्हणाली, चौदा गटांच्या चौदा फाइली असतात, त्यांची मिळून ही यादी दिसते. त्या फाइली माणसानं कशाला वाचायच्या, प्रोग्रॅमलाच वाचू द्या की.

आठ दिवसांत तिनं तसा प्रोग्रॅम लिहिला. तो फाइली उघडायचा, नापास टेस्ट वेगळ्या काढायचा, ज्यांचं कारण एकच आहे त्यांची मोट बांधायचा, काल काय नापास होतं आणि आज नव्यानं काय झालं हे सांगायचा. ज्या टेस्ट कधी पास कधी नापास असं करतात त्या बाजूला ठेवायचा. एका सोमवारी चाळीस लाल ओळी होत्या. मी अजून पाचवीवर होते. धाकटीनं सरांना बोलावलं आणि पडद्यावर तीन वाक्यं दाखवली. चाळीसच्या चाळीस एकाच कारणानं नापास, लॉगिनचं पान उघडत नाही, शनिवारच्या बदलानं झालंय. सगळं मिळून आठ सेकंद.

सर हसले. "बाई, तुमचे रोजचे दोन तास वाचले बघा."

वाचलेल्या त्या दोन तासांत मला मदतीची पानं टाइप करायला दिली. "इथे दाबा, तिथे दाबा" असली. पुढच्या आठवड्यात सर अकराला आले, माझ्या टेबलावरून पुढं गेले, आणि धाकटीच्या खुर्चीमागं उभं राहून म्हणाले, "काय मॅडम, सोडायचं का?"

ती बिचारी माझ्याकडं बघत होती. मी कीबोर्डवर काहीतरी बडवत बसले. वाटलं, उठून घरी जावं. पण घरी तरी काय होतं? सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, आमच्या धाकटीनं लई भारी मशीन बनवलंय, थोरलीला आता डोळे फोडावे लागत नाहीत. माझ्या नवऱ्यानंही जेवताना तिला विचारलं, ते कसं चालतं गं. सहा वर्षांत माझं काम कसं चालतं हे त्यानं मला एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी भाजीत तिखट जास्त टाकलं आणि कुणी काही बोलायची वाट बघत बसले. धाकटी नाक पुसत पुसत जेवली आणि म्हणाली, झकास झालीय.

हेच तर होतं. ती भांडकुदळ असती, चढेल असती, तर मला सोपं गेलं असतं. ती चांगली होती. माणूस चांगलं असलं की त्याला पाण्यात बघणं लई जड जातं, पण मी ते केलं. सकाळी स्कूटीवर मी गतिरोधक न बघता गाडी दामटायची. मागं ती उडायची, माझा खांदा धरायची आणि तरी काही ना काही सांगत राहायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली चहाला गेल्यावर मी तिचा प्रोग्रॅम उघडला. मला वाटलं होतं, काहीतरी अवघड असेल, आपल्या डोक्यावरून जाणारं. शंभराच्या आत ओळी होत्या. तीनदा वाचल्यावर निम्मं कळलं. आणि त्या निम्म्यातच मला एक गोष्ट दिसली, तशी हातातला घास मी डब्यात परत ठेवला.

तो प्रोग्रॅम फक्त नापास मोजत होता. एकूण किती टेस्ट झाल्या, हे कुठंच मोजत नव्हता. म्हणजे पहाटे लाइट गेली आणि टेस्ट अर्ध्यात बंद पडल्या, तर जेवढ्या फाइली तयार झाल्या असतील तेवढ्याच तो वाचणार. त्यांत नापास नसलं की सगळं पास म्हणून सांगणार. ज्या पोरानं पेपरच दिला नाही त्याला नापास कोण म्हणणार? माझ्या हातून असं कधी झालं नसतं. मला काही हुशारी होती म्हणून नव्हे, यादी लवकर संपली असती आणि चाक रिकामं फिरलं असतं, म्हणून. आमचा इन्व्हर्टर जुना, लाइट गेली की कधी टिकायचा, कधी नाही. वर्षातून दोन-तीनदा यादी आखूड यायचीच. मी गुमान बटण दाबून टेस्ट पुन्हा चालवायची. ते कुणाला सांगायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी स्कूटीवर मी तिला हे सांगू शकले असते. तिनं तिथल्या तिथं मोबाइलवर लिहून घेतलं असतं, दुसऱ्या दिवशी दोन ओळी घातल्या असत्या आणि सगळ्यांना सांगितलं असतं की अक्कांनी चूक काढली. हे सगळं मला दिसत होतं. तरी मी गप्प बसले. म्हणलं, असू दे. एवढी एक गोष्ट माझी असू दे. कधीतरी फसंल, मग कळंल सरांना, चाक ओढणारी बाई काय कामाची होती ते.

तेव्हापासून मी एक नवीन उद्योग सुरू केला. रोज सकाळी आल्याबरोबर, धाकटी टेबल पुसत असायची तेवढ्यात, मी जुनी यादी उघडायची आणि एकवीसदा चाक ओढायची. दिसायला तपासणी होती, पण खरं तर मी वाट बघून राहिले होते. एक महिना गेला, दीड महिना गेला. लाइट जायची, इन्व्हर्टर टिकायचा, यादी पुरी यायची, आणि मला त्याचंच वाईट वाटायचं.

मग तो शुक्रवार आला. नांदेडच्या एका क्लासची रविवारी मोठी सराव परीक्षा होती आणि त्यांना नवीन सॉफ्टवेअर त्या शुक्रवारीच सोडायचं होतं. पावणेदहाला मी यादी उघडली. चौदाव्या ओढीला चाक रिकामं फिरलं. खाली एकूण आकडा होता, चारशे एक. त्याच्या वर सगळं हिरवं.

मी उठले, बाटलीत पाणी भरलं, परत येऊन बसले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. तेवढ्यात धाकटी भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशील्याचा डबा घेऊन आली. पहाटे उठून तिनं दोघींसाठी केला होता, मला आवडतो म्हणून शेंगदाणे जास्त घालून. डबा माझ्यापुढं सरकवून ती म्हणाली, "अक्का, आज एकबी लाल न्हाई. पहिल्यांदाच सगळं हिरवं हाय."

"छान," मी म्हणाले.

सर आले तेव्हा अकरा वाजले होते. म्हणजे माझ्याकडं सव्वा तास होता. त्या सव्वा तासात मी सुशीला खाल्ला आणि मदतीचं एक पान टाइप केलं. मनाला समजावत होते की एवढं काय होणार आहे, त्या राहिलेल्या टेस्ट तशाही रोज पासच होतात. थोडीफार बोलणी खाईल, सरांना माझी आठवण येईल, संपलं. सरांनी विचारलं, "सोडायचं का?" ती म्हणाली, "हाव सर."

रविवारी दुपारी तीनला सरांचा फोन आला. धाकटीला आला, मला नाही. ती अंगणात उभी राहून बोलत होती आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा चेहरा दिसत होता. नांदेडला परीक्षेत ज्या ज्या पोरांनी एकदा दिलेलं उत्तर बदललं, त्यांचं पहिलंच उत्तर धरलं गेलं होतं. शेकडो पोरांचे मार्क चुकले होते. उत्तर बदलण्याच्या टेस्टचा गट बाराव्या नंबरला होता, आणि शुक्रवारी टेस्ट नवव्या गटानंतर बंद पडल्या होत्या. हे तिला अजून माहीत नव्हतं. मला ऐकल्याबरोबर कळलं.

सोमवारी सरांच्या गाडीनं आम्ही तिघं नांदेडला गेलो. क्लासच्या जिन्यात पालक उभे होते. धर्माबादहून पहाटेच्या गाडीनं बापासोबत परीक्षेला आलेली एक मुलगी पुन्हा आली होती. कुणीतरी ऐकावं म्हणून ती प्रत्येकाला तेच सांगत होती, "मी उत्तर बदललं होतं सर, खरंच बदललं होतं." तिच्या बापाचा तिच्यावर विश्वास दिसत नव्हता. मला तिच्याजवळ थांबवेना. खाली मान घालून मी वर गेले.

क्लासचे मालक तापलेले. त्यांचं म्हणणं एकच, हे झालं कसं ते आत्ता दाखवा. धाकटीनं लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. रात्री ती झोपली नव्हती, डोळे सुजले होते, पण आवाज नीट होता. तिनं सर्व्हरची नोंदवही उघडली. कुठलं यंत्र कधी बंद पडलं, कधी सुरू झालं, कुणी काय उघडलं, हे सगळं त्यात वेळेसकट असतं. हेही मला माहीत नव्हतं.

"हे बघा सर. शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. इन्व्हर्टर बसला. टेस्ट इथंच थांबल्या." ती एकेक ओळ खाली सरकत होती. सव्वासात, लाइट आली. नऊ छत्तीस, तिचा प्रोग्रॅम चालला, सगळं पास. त्याच्या खालची ओळ पडद्यावर आली. नऊ शेहेचाळीस, यादी उघडली, टेबल तीन. खाली शेवटपर्यंत बघितली.

टेबल तीन माझं आहे.

धाकटीचं बोट तिथं थांबलं. मग तिनं एकदम जोरात खाली ओढलं आणि पडद्यावर अकराची ओळ आली. "इथं सॉफ्टवेअर सुटलं," ती म्हणाली. "चूक माझ्या प्रोग्रॅमची हाय. मी निस्ते नापास मोजले, एकूण मोजलेच न्हाईत."

सर माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही बघितलं न्हवतं का? तुमच्या नजरेतून सुटलं नसतं हे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. त्याच्या आधीच धाकटी म्हणाली, "त्या दिशी सकाळी अक्कांना मीच दुसऱ्या कामाला लावलं होतं सर. त्यांनी बघायचा प्रश्नच न्हवता."

परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं, आमच्या खर्चानं. बाहेर आल्यावर गाडीपाशी सर तिला म्हणाले की पक्क्या नोकरीचं या महिन्यात जमणार नाही, अजून सहा महिने बघू. ती बरं म्हणाली. मग ते मला म्हणाले, "आन यापुढं बाई हाव म्हणल्याशिवाय काईच सोडायचं न्हाई."

तीन महिने मी ज्याची वाट बघत होते ते मला नांदेडला, भर उन्हात, क्लासच्या दारात मिळालं. मी मान हलवली. मला वाटलं होतं, हे ऐकून गार वाटेल.

येताना लोह्याला चहाला थांबलो. तिचं माहेर तिथून दहा मिनिटांवर, पण ती जाऊन येते म्हणाली नाही. सर फोनवर बोलत बोलत लांब गेले. आम्ही दोघी हॉटेलाबाहेरच्या बाकड्यावर बसलो, मध्ये एक हात जागा सोडून. मी मनात वाक्यं जुळवत होते. ती काही बोलेल, रडेल, घरी जाऊन सासूबाईंना सांगेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं.

तिनं मोबाइल काढला आणि म्हणाली, "अक्का, कोणत्या गटात किती टेस्ट असाय पायजेत, तुम्हाला तोंडपाठ हाय न्हवं? सांगा. मी लिहून घेते. त्याच्यापेक्षा कमी आल्या की प्रोग्रॅम अडला पायजे."

"लॉगिन अठ्ठेचाळीस," मी म्हणाले. "प्रश्नपत्रिका उघडणं, सत्तावन्न."

ती लिहीत गेली, मी सांगत गेले. पावणेदहा ते अकरा. एवढा सव्वा तास माझ्या जागी ती असती, तर उठून माझ्यापर्यंत यायला तिला चार पावलं लागली असती, आणि तेवढी ती चालली असती. एवढं मला पक्कं माहीत होतं. तिच्या शिक्षणावर, तिच्या आठ सेकंदांवर मी इतके दिवस जळत होते, पण त्या बाकड्यावर मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. तसलं मन कुठल्या कॉलेजात मिळत नाही आणि मला या वयात ते कुणी देणार नाही.

"उत्तर बदलणं?"

"एकोणचाळीस."

चौदावा गट झाला. चहा तसाच राहिला होता, वर साय धरली होती.

"एकूण?"

"सहाशे बारा."

"आन शुक्रवारी तुम्हाला किती दिसल्या होत्या?" तिनं विचारलं. आवाज तोच होता, मान मोबाइलमध्येच होती, अंगठा लिहायला थांबलेला.

"चारशे एक," मी म्हणाले.

तिनं तोही लिहून घेतला.